पाच मोजेपर्यंत

शनिवारी सहा वाजेपर्यंत माझी कंबर मोडलेली असते आणि डोकं ठणकत असतं. नेमका तेव्हाच तो आला. चेन्नईत, मैलापूरच्या माझ्या छोट्याशा दवाखान्यात, अंगात कंपनीचा निळा शर्ट, कडेवर भाची. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातली सकाळची पाळी संपवून, कपडेही न बदलता भाचीला घरून घेऊन आला होता. त्याचं नाव हरिप्रसाद, भाचीचं श्रीनिधी. वय सहा, एक दाढ किडलेली.

दाढ बधिर करायची म्हणून मी वळले, तर पोरीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. मग ओठांच्या फटीतून म्हणाली, "मामा म्हणाला, सुई नाही. नुसते दात मोजणार."

माझा पारा चढला. मी लहान मुलांचे दात बघते. सुई त्यांच्या नजरेआड ठेवते, पण सुई आहे हे लपवत नाही. मुलाला थाप मारून आणलं असेल, तर त्या दिवशी मी टोचत नाही. हा नियम मी मुलांसाठी केला, असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे सांगलीला माझं लग्न ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या तरी नवरा मुलगा "सगळं ठीक आहे" म्हणत राहिला, आणि आठ दिवस उरले असताना... असो. मी चेन्नई गाठली. तेव्हापासून गोड बोलणारा माणूस दिसला की मी दार लावून घेते.

दुखण्यावर औषध दिलं, सोमवारी बोलावलं आणि बजावलं, तोवर तिला खरं सांगा.

तो खाली मान घालून उभा राहिला. "तिला भय वाटूं नये म्हणून बोललों, डॉक्टर. चुकलें माझें."

तंजावरची मराठी घराणी अजून अशीच बोलतात, जुन्या पत्रासारखी. इतक्या थकव्यातही मला हसू आलं... मी मास्क वर ओढला.

सोमवारी दोघं आली. खरं सांगितल्यावर पोरगी रात्रभर त्याच्याशी बोलली नव्हती म्हणे. खुर्चीत बसताच तिनं मला विचारलं, "अक्का, दुखेल का?"

"चिमटा बसेल. पाच मोजेपर्यंत."

हिरडीला गोड जेल लावून दोन मिनिटं थांबले. गार औषध जास्त झोंबतं, म्हणून त्याची नळी आधीच कोमट करून ठेवली होती. एका हातानं तिचा गाल हलवत राहिले आणि दुसऱ्यानं औषध थेंबाथेंबानं सोडलं. मामाचं बोट मुठीत आवळून ती तमिळमध्ये मोजत होती — ओण्णु, रेंडु, मूणु... एकच अश्रू आला, कानापर्यंत गेला.

"झालं," मी म्हणाले.

"अक्का, सात झाले," ती करड्या आवाजात म्हणाली.

नियम तो नियम. मी तिची माफी मागितली. तो खळखळून हसला आणि किती महिन्यांनी मीही हसले.

पुढच्या सोमवारी दाढेवर टोपी बसली, काम संपलं. श्रीनिधी बाहेरच्या काचेच्या टाकीतले मासे बघायला पळाली. तो मात्र दारातच रेंगाळला. मी हातमोजे काढत होते — दोनदा काढले बहुतेक.

"आतां तिचें काम नाही," तो म्हणाला. "तरी मी येऊं का? तुमच्यासाठी."

मला तो हवा होता. दहा दिवस सोमवारची वाट बघत होते, आणि म्हणूनच भीती वाटत होती. पुन्हा तसं झालं तर आता माझ्यात उभं राहायचं बळ नव्हतं. तोंडातून तेवढंच निघालं, "दुखेल का?"

त्यानं बाहेर टाकीपाशी उभ्या भाचीकडे एकदा पाहिलं.

"दुखेल," तो म्हणाला. "माझी पाळी दर आठवड्यास बदलते. चार-चार दिवस भेट नाही होणार. अम्मानें दुसरी मुलगी पाहून ठेवलीय, अम्मा रागावेल. मज राग आला कीं मी गप्प बसतों, तें वाईट आहे. पण कांहीं लपवणार नाही."

एवढी गैरसोयीची मागणी मला कुणी घातली नव्हती. माझे डोळे भरून आले.

मी हात पुढे केला. त्यानं एक बोट माझ्या मुठीत दिलं.

"पाच मोजेपर्यंत?" मी विचारलं.

"सात," तो म्हणाला.