चांदण्यातली तिसरी सावली

हसायचं तर खुशाल हसा, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. माझ्या सख्ख्या मामा-मामीच्या बाबतीत घडलंय हे. गेल्या हिवाळ्यात, पौर्णिमेच्या संध्याकाळी.

मामा फोटोग्राफर. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, पण जीव अडकलेला शेतात, माळरानात, मावळतीच्या आभाळात. त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. नजर राहील की जाईल, डॉक्टर काही खात्री देईनात.

"त्याआधी एक पौर्णिमा हवी मला," मामा म्हणाला. "मावळता सूर्य आणि मग चांदणं, एकाच जागेवरून."

"डोळा जायची वेळ आली तरी हौस फिटेना!" मामी करवादली.

पण गाडी तिनेच काढली. अंधार पडला की मामाला रस्ता नीट दिसायचा नाही.

कापणी झालेल्या शेतांच्या मधोमध एक टेकाड होतं. मामी खाली रस्त्यावर गाडीतच थांबली. मामा ट्रायपॉड खांद्यावर टाकून वर चढला.

सूर्यास्त अगदी मनासारखा मिळाला. तांबूस उजेडात शेतातलं एकेक धसकट तारेसारखं चमकत होतं.

मग त्याच्या पाठीमागून चंद्र वर आला. समोरची शेतं राखेसारखी उजळली. उतारावर मामाची लांबलचक सावली पडली. शेजारी ट्रायपॉडची, तीन पायांची.

चांदण्यातला फोटो म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवायचं आणि जागचं हलायचं नाही. मामाने बटण दाबलं आणि तो स्तब्ध उभा राहिला.

तेवढ्यात रातकिडे थांबले...

वारा पडला...

आणि त्याच्या सावलीला लागून आणखी एक सावली हळूच लांबत आली.

मामाला वाटलं, मामीच वर आली.

"कंटाळलीस ना गाडीत?" त्याने मान न वळवता विचारलं.

"हूं..."

"जरा थांब. हलू नकोस, फोटो बिघडेल."

सावली हलली नाही. जराही नाही.

मामाला एकाएकी भरून आलं. घरी जे कधी बोलला नव्हता, ते तो बोलून गेला.

"खरं सांगू? घाबरलोय मी. हा डोळा गेला तर काय करू?"

खांद्यावर हात पडला. हलकेच. मायेने ठेवावा तसा.

स्वेटरमधून गारठा थेट हाडापर्यंत गेला.

"अगं, किती गार पडलेत हात तुझे! शाल तरी..."

त्याच क्षणी खालून गाडीचा हॉर्न वाजला.

दाबून धरलेला. थांबेचना.

हॉर्न वाजवणारी मामी गाडीत होती. मग इथे...?

मागे वळून बघायची छाती होईना. त्याने समोर पाहिलं. उतारावर आता दोनच सावल्या. त्याची आणि ट्रायपॉडची.

खांदा मात्र अजून जड होता...

कॅमेरा तिथेच टाकून तो धावत सुटला. पडला, गुडघे फोडून घेतले, पुन्हा उठला. गाडीत मामी पांढरीफटक पडलेली. हात हॉर्नवरच.

"बसा आधी. काही विचारू नका," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात माझे बाबा जाऊन कॅमेरा घेऊन आले. आम्ही सगळ्यांनी फोटो पाहिला. शेतं होती. ट्रायपॉडची सावली होती. तिसरी सावलीही होती, अगदी रेखीव.

मामाची नव्हती.

त्याच्या जागी नुसतं रिकामं चांदणं.

पुढे ऑपरेशन झालं. डोळा वाचला नाही. मामाने कॅमेरा विकून टाकला आणि त्या संध्याकाळबद्दल बोलायचंही सोडलं.

मामी बोलली, पण बऱ्याच दिवसांनी. स्वयंपाकघरात, माझ्या आईजवळ. मी तिथेच होते.

"चंद्र वर आला आणि गाडीचं मागचं दार उघडलं," ती म्हणाली. "मला वाटलं, थंडी वाजून हेच आले. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. म्हटलं, झालं का तुमचं? तर मागून आवाज आला, हूं. म्हटलं, मग जायचं ना घरी? पुन्हा... हूं."

मामीने गॅस बारीक केला.

"मग आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. सीट मात्र दबलेली होती. तेव्हा हॉर्न दाबला मी."

"आणि मग?" आईने विचारलं. "ते उतरलं कधी?"

मामीने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मामा तिथे एकटाच बसला होता. हळू आवाजात काहीतरी सांगत होता... कोणाला तरी.

"मी घरी चल म्हटलं होतं हो, वन्सं," मामी पुटपुटली. "आणि ते हो म्हणालं होतं."

आताशा मी मामाकडे गेले की दिवेलागणीच्या आत निघते. दारातून "येते" म्हणते...

आणि उत्तर यायच्या आत जिना उतरते.