माळ्यावरची हाक

ती बाहेरची बत्ती घालवा, डोळ्यांवर येतेय. आणि मधे कुणी बोलायचं नाही. मुळशीचा कोंडिबा माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

कोंडिबाचं भात घराच्या खालच्याच अंगाला, धरणाच्या पाण्याकडं उतरत गेलेलं. लोंब्या भरल्या की रानडुकरं येतात, म्हणून पिकात बांबूचा माळा उभारून त्यावर रात्रभर राखण करायची. पण यंदा त्याचा गुडघा गेला. माळ्यावर चढवेना. आणि वर्षाचा तांदूळ तर त्याच खाचरात.

त्याच्याकडं भाड्यानं राहणारा शेखर परभणीकडचा, कंप्युटरवाला. त्यानं खोबऱ्याच्या वडीएवढी एक हिरवी पट्टी आणून दाखवली.

"काका, हा अख्खा कंप्युटर आहे. स्वस्तातला. वायफाय आतच आहे, वायर ओढायची नाही."

"ह्यो? आरं, ह्यो तर खिशात हरवंल."

शेखरनं त्याला अंधारात दिसणारा कॅमेरा जोडला, बारका स्पीकर जोडला, कोंडिबाची राखणीची हाक त्यात भरली. समोर काही हललं की हाक वाजणार, फोटो घरच्या मोबाइलवर येणार. सगळं आइस्क्रीमच्या डब्यात बसवून माळ्याच्या वरच्या खांबाला तारेनं आवळलं. तोंड भाताकडं, पाठ घराकडं.

"जन्मभर तुमी वरडलात," रत्नाबाई नवऱ्याला म्हणाली, "आता डबा वरडू दे. माझं कान सुटलं."

एक गोष्ट मात्र कोंडिबा शेखरला सांगायची विसरला. त्या शिवारात एका माळ्यावरून हाक गेली की शेजारच्या माळ्यावरून उत्तर यायचं. मग शेजाऱ्यानं हाक द्यायची, यानं उत्तर. उत्तर नाही आलं, तर उतरून बघायला जायचं. माणूस पडला, का पान लागलं, म्हणजे साप चावला. शेजारचा गेनबा तसाच गेला होता, माळ्यावर पान लागून. मग त्याची जमीन विकली गेली. तिथं आता नुसतं गवत.

भाऊबीजेची पाहुणी गेली, ती रात्र. शेखर गावाकडं. मध्यरात्र उलटली आणि खाली डबा ओरडला.

"हाऽऽ हो..."

मोबाइलवर फोटो आला. पळणारी डुकरं.

"बघ, गेली," कोंडिबा हसला.

आणि गवताच्या बाजूनं उत्तर आलं.

"हाऽऽ हो..."

कोंडिबानं मोबाइल खाली ठेवला.

"तुमचाच आवाज घुमला आसंल," रत्नाबाई म्हणाली.

"माझा न्हाई. गेनबाचा हाय."

थोड्या वेळानं तिकडूनच हाक आली. आता पाळी त्याची होती ना. उत्तर द्यायचं कोंडिबानं. सवयीनं त्याचं तोंड उघडलं. रत्नाबाईनं त्यावर तळहात दाबला.

"रातच्या हाकंला ओ देऊ नका. घिऊन जाईल."

"न्हाई दिली तर बघाया यील."

पुन्हा हाक. जवळून. बांधावरून असावी...

डब्यासमोर काही हललं नव्हतं. तो मुका.

मग हललं.

डबा ओरडला, कोंडिबाच्या गळ्यानं. आणि माळ्याच्या बुडाशी कुणीतरी हळू म्हणालं,

"कोंडिबा... कुटं हायेस रं?"

बांबू करकरला. कुणीतरी वर चढत होतं.

वर माणूस नाही. तिथं नाही सापडला, तर... घर.

कोंडिबानं बायकोचा हात बाजूला केला. कडी काढली. ओटीवरचा दिवा लावला. उंबऱ्यात उभा राहिला, गुडघा धरून.

"जागा हाय रं, गेनबा. हितं हाय. बरा हाय. तू जा."

...

रातकिडासुद्धा नाही.

मग बांबू करकरला. एकदाच.

दिवस उगवल्यावर दोघं खाली उतरली. भात उभं होतं. डबा जिथल्या तिथं, तार कुठं सैल नाही, तोंड भाताकडं. रत्नाबाईनं मोबाइल उघडला. रात्रीचा शेवटचा फोटो आलेला होता.

त्यात भात नव्हतं. ओटीवरचा दिवा होता, आणि उंबऱ्यात गुडघा धरून उभा कोंडिबा.