केझायाच्या पोरीचे टोल

थॉर्नकोमच्या चर्चमध्ये एनॉक टॅपली तरुणपणापासून घंटा वाजवायचा आणि कबरीही खणायचा. गावात कुणी गेलं की टोल मोजूनच लोकांना कळे. पुरुषाला नऊ, बाईला सहा, पोराला तीन. मग जरा थांबून जितकं वय तितके.

त्या दुपारी नवे पाद्रीबाबा मृतांची जुनी वही घेऊन बसले होते. गावाचा इतिहास लिहायचं खूळ डोक्यात शिरलं होतं त्यांच्या.

"टॅपली, उत्तरेच्या भिंतीलगत लहानसा उंचवटा आहे. नोंद कुठेच नाही. कोण आहे तिथे?"

"माझी भाची... बहिणीची, केझायाची पोर. दोन दिवसांची होती, बाप्तिस्म्याआधीच गेली. तेव्हाचे पाद्रीबाबा म्हणाले, नोंद नाही, घंटाही नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"नोकरी होती, बाबा..."

केझायाने गुडघे टेकले होते त्याच्यासमोर. 'तीनच टोल दे, दादा.' दोर हाताशी होता आणि एनॉकने मान खाली घातली होती. पुन्हा तिने तो विषय कधी काढला नाही, आणि तेच त्याला आयुष्यभर खात राहिलं.

"मग आज वाजवा," पाद्रीबाबा हळूच म्हणाले.

मनोऱ्याखालच्या खोलीत ओल्या दगडाचा वास कोंडला होता. एनॉकने तीन टोल दिले, डोळे पुसले आणि दोर खुंटीला अडकवला.

दोर खुंटीवरून सुटला. आपसूक वर गेला, खाली आला... एक. दोन. तीन.

म्हणजे एकूण सहा. बाईचे.

जरा शांतता. मग पुन्हा टोल सुरू झाले. एनॉक भिंतीला चिकटून मोजत राहिला. एकेचाळिसाव्याला घंटा थांबली.

तो धडपडत बाहेर आला. कबरींवर धुकं उतरलं होतं. फाटकापाशी पाववाली डॉर्कस उभी होती.

"काय हो, कोण गेलं? एकेचाळिशीची बाई आपल्या गावात आहेच कोण?"

तिला बाजूला सारत केझाया काठी टेकत आली. गाल भिजले होते.

"दादा, एकेचाळीस! तूही वर्षं मोजत होतास? मला वाटायचं, मी एकटीच मोजते."

एनॉकने एक वर्षसुद्धा मोजलं नव्हतं.

"केझाया... ते मी नाही..."

पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून मनोऱ्याच्या उघड्या दाराकडे बघत होती.

"पोर उंचीला तुझ्यावर गेलीये बघ," ती हसून म्हणाली.

एनॉक मागे वळला नाही. कोणत्या तोंडाने वळणार होता?