हवालदाराचा सौदा

दोर माणसाच्या हातात होता, पण ओढत होतं कुत्रं. फाटकापासून टेबलापर्यंतच्या वीस पावलांत त्या माणसाची टोपी पडली, एक चप्पल मागं राहिली, आणि तरी तो हसत होता... घाबरलेली माणसं हसतात तसं.

"ही पांजरपोळच ना?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"न्हाई, थेटर हाय," वहीतून मान वर न काढता मनकर्णा म्हणाली. तिच्या पाठीमागं चाळीस भाकड गाई रवंथ करत उभ्या होत्या. "खेळ संपलाय. उद्या या."

घोडेगावच्या बाजारतळाला लागून असलेल्या त्या पांजरपोळीत मनकर्णा वही लिहायची. मॅट्रिक झालेली, अक्षर टपोरं, जीभ त्याहून टपोरी. तिचे वडील सहादेव हे बाजारातले नावाजलेले दलाल. बैल घ्यायला कुणी आलं की ते बैलाकडं नाही, घेणाऱ्याच्या हातातल्या आसुडाकडं आधी बघायचे. लेकीनं तीच विद्या उचललेली. माणूस समोर आला की तो कोणत्या रकान्यात बसतो हे ती पहिल्या दोन वाक्यांत ठरवायची, आणि एकदा बसवलेला माणूस सहसा उठवायची नाही.

"नाव?"

"मच्छिंद्र."

"कुत्र्याचं वो."

"हां... त्याचं हवालदार."

हवालदार तांबूस रंगाचा, एक कान दुमडलेला. त्यानं पुढं होऊन मनकर्णाच्या लुगड्याचा काठ अलगद तोंडात धरला आणि तिथंच बसला.

"भिऊ नका," मच्छिंद्र घाईनं म्हणाला, "चावत न्हाई. नुसतं धरतो. पन धरलं की सोडत न्हाई."

"आन् तुमी सोडायला आलाय." मनकर्णानं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "मालकापेक्षा कुत्रं बरं म्हनायचं."

त्याचं हसू मावळलं. त्यानं वही आपल्याकडं ओढली. 'सोडणाऱ्याचं नाव' या रकान्यात त्यानं 'मच्छिंद्र रंभाजी, स्टॉकमन, गुरांचा दवाखाना' असं लिहिलं. कारण— 'सांभाळणे होत नाही'. गुरांच्या दवाखान्यातला माणूस, आणि एक कुत्रं सांभाळणं होत नाही! मनकर्णानं त्याला मनातल्या सगळ्यात खालच्या रकान्यात टाकलं आणि वही मिटली.

जाताना त्यानं तीनदा मागं पाहिलं. कुत्र्याकडं दोनदा.

* * *

दुष्काळाचं साल होतं. पांजरपोळीत पाण्याचा टँकर दोन दिवसांआड यायचा. अशात कुत्र्याला कोण विचारतो? कारभारी रंगनाथअण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला आणि स्पष्ट सांगितलं, "शुक्रवारपर्यंत ठेवतो, मनकर्णे. पुढं न्हाई. दवंडी ऐकलीस न्हवं?"

ऐकली होती. शेजारच्या वाडीत एक पिसाळलेलं कुत्रं वासराला चावलं होतं. शुक्रवारचा बाजार उठला की मालक नसलेल्या सगळ्या कुत्र्यांना औषध घालणार होते. औषध म्हणायचं, विष म्हणायचं नाही, एवढीच सभ्यता.

"मग कुनीतरी न्यायला हवं."

"घरदार असलेला मानूस आन. सडाफटिंग नको. गेल्या साली एकानं म्हैस सांभाळतो म्हनून नेली आन् तिसऱ्या दिवशी खाटकाला दिली. मला ट्रस्टींपुढं उभं राहावं लागलं. आन् पांजरपोळीत नोकर असलेल्याच्या घरीबी जनावर जायचं न्हाई. नियम हाय."

म्हणजे मनकर्णाचं दार आधीच बंद.

मंगळवारी दोघे आले. एकाला कुत्रं शेळ्या राखायला हवं होतं. पण त्याच्या शेळ्यांच्या पाठीवर काठीचे वळ होते. दुसऱ्याला नुसतं फुकट काहीतरी हवं होतं. मनकर्णानं दोघांनाही परत पाठवलं. बुधवारी एक पाहुणे आत आले, हवालदारानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि पाहुणे बोंबलले, "पिसाळलंय! पिसाळलंय!" झालं. त्या एका बोंबेनं गावातलं उरलंसुरलं गिऱ्हाईकही आटलं.

येत होता तो एकच माणूस. रोज, दुपारी, काहीतरी निमित्त काढून.

"तांबड्या गाईचं खूर बघायचं हुतं," मच्छिंद्र म्हणायचा.

"काल काळीचं बगितलं. आज तांबडीचं. चाळीस गाई हायेत. चार पाय धरले तर एकशेसाठ दिवस निघतील तुमचे."

"हिशेब पक्का हाय तुमचा."

"मान्सांचा त्याहून पक्का हाय."

"मग माझा काय निघाला?"

"शिल्लक काय न्हाई," ती म्हणायची.

पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. त्याच्या खिशात भाकरी असायची, आणि त्याच्या स्वतःच्या डब्यात त्या दिवशी एक कमी. मडक्यातलं पाणी तिनं दिलं की तो अर्धा पेला पिऊन उरलेलं हवालदारापुढं धरायचा, तेही ती पाहत नाही असं बघून. कडुनिंबाचा बारीक मोहोर वहीवर पडत राहायचा. ती तो फुंकायची, आणि फुंकर मारताना नजर कुठं जायची... जाऊ द्या. आपण काही पाहिलं नाही.

* * *

गुरुवारी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, पण बोलणं म्हातारीचं—

'पांजरपोळीच्या मालकास बनुबाईचा रामराम. मी लेकाकडे पुण्याला आले. लेक म्हनला कुत्रं न्यायचं न्हाई. माझ्या हवालदाराला मी मच्छिंद्राच्या हाती दिलं. त्याची खोली माझ्याच घरात हुती, घराला कुलूप लागलं तशी त्याचीबी गेली, दवाखान्यात औषधांच्या खोक्यांवर निजतो म्हनला बिचारा. कुत्रं जेवतं का? रात्री त्याला दाराशी गोणपाट लागतं...'

मनकर्णानं ते कार्ड दोनदा वाचलं. मग वहीचं सोमवारचं पान काढलं. सोडणाऱ्याचं नाव: मच्छिंद्र रंभाजी. तिचे कान गरम झाले.

दुपारी तो आला. आज खुराचं निमित्तही नव्हतं.

"कुत्रं बनुबाईंचं हाय." तिनं कार्ड पुढं सरकवलं. "मंग वहीत तुमचं नाव का लावलं?"

तो कार्डाकडं बघत खाली बसला. हवालदाराच्या दुमडलेल्या कानाशी चाळा करत राहिला.

"आठ वर्सं सांभाळलं म्हातारीनं त्याला. निगताना हितल्या फाटकापतूर आली आन् तिथंच बसली. सोडनारी म्हनून तिचं नाव कायम वहीत राहावं... बरं न्हाई वाटलं. मी काय, परका मानूस. माझं राहिलं तर राहिलं."

"आन् मी तुमाला काय काय बोलले..."

"लई न्हाई. मी मोजलंय. सोमवारचं एक तेवढं लागलं." मग हळूच, "बाकीची आवडली."

मनकर्णाला वहीत एकदम फार काम निघालं. बोरू नव्हता, टाक नव्हता, साधं बॉलपेन होतं, तरी ते तिला सापडेना.

"अजून एक सांगायचं हुतं," तो म्हणाला. "काल माझी बदली आली. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याला, डोंगरातला दवाखाना. मंगळवारी हजर व्हायचं. सरकारी खोली हाय, पुढं अंगन हाय..."

"मग न्या की कुत्रं!" ती ताडकन उठली, आणि दुसऱ्याच क्षणी बसली. घरदार असलेला माणूस. सडाफटिंग नको.

"अण्णांना सकाळीच इचारलं," मच्छिंद्र म्हणाला. "म्हनले, आधी चूल मांड, मग कुत्रं ने."

 हवालदार एकदा तिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला.

* * *

शुक्रवार उजाडला तो धुळीचा लोट घेऊनच. बाजार भरला. पिण्याला पाणी नव्हतं, वैरण नव्हती, म्हणून विकायला आलेली गुरं जास्त आणि घेणारे कमी. मच्छिंद्राची नेमणूक बाजारातच होती, गुरं तपासायला.

पाच वाजता पांजरपोळीसमोर जीप थांबली. राहात्याचे आप्पासाहेब, मोठे बागाईतदार. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, बंगल्याला राखण हवी. रंगनाथअण्णांनी तर खुर्ची स्वतः पुसली.

"घरदार, मळा, गडीमाणसं, सगळं आहे," आप्पासाहेब म्हणाले. "कुत्र्याला काही कमी पडायचं नाही. कुठं सही करू?"

मनकर्णा उठून जीपच्या मागच्या बाजूला गेली. आत एक जाड साखळी पडली होती. साखळीला पट्टा. तिनं पट्टा उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला केस चिकटलेले, आणि त्यावर वाळलेलं काळसर काहीतरी.

"याच्या आधीचं कुत्रं?"

"गेलं. त्याच्या आधीचंही. उन्हात टिकत नाहीत हल्ली." ते मोकळेपणानं हसले. "साखळी मात्र वडिलांच्या वेळची आहे."

तिनं साखळी होती तिथं ठेवली. आत आली. वही मिटली.

"न्हाई जमायचं, साहेब."

जीप गेली. रंगनाथअण्णांनी पुसलेली खुर्ची मागं ढकलली. "मनकर्णे, साडेपाचला ती औषधवाली मान्सं येतील! पोतं घेऊन येतील! चांगला आलेला मानूस तू..."

"चांगला न्हवता, अण्णा."

"आन् आता?"

आता काय, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं दोर सोडला आणि हवालदाराला घेऊन ती बाजारात शिरली.

कडुनिंबाखाली सहादेव दलाल बाजेवर बसले होते. बैलाच्या लाथेनं मोडलेला पाय उशीवर, खांद्यावर रुमाल. पाय गेला तरी हात शाबूत होते, आणि त्या बाजारात सौदा हातानंच व्हायचा. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा; खाली बोटं धरून आकडा सांगायचा. चार बोटं धरली की चार. मान्य नसेल तर हात काढून घ्यायचा. भोवती शंभर माणसं असली तरी आकडा दोघांनाच ठाऊक. बाईमाणसानं मात्र त्या रुमालाखाली कधी हात घातला नव्हता.

"दादा, तुमी घ्या याला."

"नोकराच्या घरी जनावर न्हाई. रंगनाथानं मला दोनदा वाचून दाखवलंय."

मनकर्णानं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. "मंग ही नोकरीच..."

"थांबा!" मागून आवाज आला. मच्छिंद्र धावत आला होता, तपासणीची वही काखेत, कपाळावर धूळ. "नोकरी सोडू नका. म्हंजे... अशी एकटीनं सोडू नका."

"तुमी मंगळवारी अकोल्याला. तुमाला काय त्याचं?"

"मला सौदा करायचाय."

"कुत्र्याचा?"

"कुत्र्याचाबी." तो लालबुंद झाला. आसपासचे दोन व्यापारी कान टवकारून उभे. "अण्णा म्हनले, चूल मांड. पन ती एकट्यानं कशी..."

 बाजारात मोठ्यानं बोलता येत नाही ते कुठं बोलायचं असतं, हे गुरांच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं सहादेवांच्या खांद्यावरचा रुमाल उचलला. सहादेवांना तेवढ्यात आभाळात काहीतरी दिसलं.

मच्छिंद्रानं रुमाल आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. मनकर्णानं आजूबाजूला पाहिलं... आणि आपला हात आत घातला.

त्यानं तिची चार बोटं धरली. तळवा खरखरीत, औषधाचा वास येणारा, घामेजलेला.

"चार काय?" ती कुजबुजली.

"आठवडे. चार आठवड्यांनी घरची मान्सं घेऊन येतो तुमच्याकडं. रीतसर."

तिनं एक बोट सोडवून घेतलं.

"तीन?" त्यानं तिच्याकडं बघितलं. "बरं... तीन."

तिनं अजून एक सोडवलं.

"अवो, अकोल्याहून यायला येस्टी..."

तिसरंही सुटलं. आता त्याच्या मुठीत तिचं एकच बोट उरलं होतं.

"एक आठवडा?"

तिनं मान हलवली. पापण्या खाली, ओठांच्या कोपऱ्यात मात्र बाजारातलं सगळ्यात पक्कं हसू. "दिवस," ती म्हणाली.

"उद्या?"

"सकाळी. आसूड न आनता."

"तीस वर्सं लोकांची कोपरं हलताना बघून सौदे ओळखतोय मी," सहादेव आभाळाकडंच बघत म्हणाले. "चारावरनं एकावर आनलंस. शाब्बास पोरी. आन् काय रे, रंभाजीच्या पोरा, तुझा मामा माझ्या वळखीचा हाय. चौकशी मी परवाच केलीय. रोज खूर बघायला येनारा स्टॉकमन मी अजून बगितला न्हवता."

"आन् तुमचं कसं हुईल, दादा?" मनकर्णाचा आवाज एकदम ओला झाला.

"मला बाजार हाय. अकोल्याचा नवा तांदूळ खायला येत जाईन."

तेवढ्यात पांजरपोळीच्या फाटकाशी दोन माणसं दिसली, खांद्यावर पोतं टाकलेली. रंगनाथअण्णा वही काखेत मारून घाईघाईनं येत होते. मनकर्णानं मोकळ्या हातानं किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढं धरला.

"आजपास्नं मी नोकर न्हाई, अण्णा. नेनाऱ्याचं नाव लिवा— सहादेव. घरदार हाय."

अण्णांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. तिच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, मग रुमालाकडं. मग मुकाट्यानं उकिडवे बसले आणि बाजेच्या कडेवर वही ठेवून लिहायला लागले. सहादेवांनी सही केली. अण्णांनी पोतंवाल्यांना लांबूनच हात हलवून परत जायला सांगितलं.

"वहीचं झालं," ते उठत म्हणाले. "पन तुमचा सौदा अजून चाललाय व्हय?"

मच्छिंद्रानं गडबडून एक पाऊल मागं घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. हवालदारानं त्याच्या पायजम्याची कड तोंडात घट्ट धरली होती.

आणि रुमालाखाली, मनकर्णानं त्याचा हात.