वास खालनं येतोय

बारावा अर्ज वेगळा होता.

आधीचे अकरा हैबतराव शेडग्यांनी वाचून फायलीला लावले होते. मजकूर तोच. डोंगरउतारावर क्षयरोग्यांचं आरोग्यधाम, त्याच्या मैलापाण्याच्या दोन टाक्या, टाक्यांखाली वाडी, आणि वाडीला जेवू न देणारा वास. पानशेतच्या पुरानंतर जिल्हा कचेरीला पुण्यातल्या गाळाखेरीज काही दिसत नव्हतं. मुळशीकडचे अर्ज मागे पडत गेले.

बाराव्यात चारच ओळी होत्या. अक्षर शाळामास्तरांचं, खाली अंगठा.

‘पूर्वी वास वरून, टाक्यांकडून येई. दसऱ्यानंतरच्या शनिवारपासून तो खालून, नाल्यातून येतो. माझा नवरा भिकू टाक्यांवर कामाला होता. तो आदल्या दिवसापासून घरी आला नाही. साळूबाई भिकू मारणे.’

हैबतरावांनी चष्मा काढून डोळे चोळले. सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून तीस वर्षं झाली होती. अर्ज लिहिणारे लोक वास वाढला म्हणतात, सहन होत नाही म्हणतात. वासाची दिशा बदलली असं आजवर कोणी लिहिलं नव्हतं. आणि नवरा हरवल्याची तक्रार आरोग्य खात्याकडे कोणी करत नाही.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ते सकाळच्या एस.टी.नं निघाले.

एक गोष्ट कचेरीत कोणाला ठाऊक नव्हती. हैबतरावांना वास येत नसे. गटारं तपासता तपासता दहा वर्षांपूर्वी त्यांचं नाक मेलं होतं. तेव्हापासून ते लोकांना विचारत आणि डोळ्यांनी बघत.

साळूबाईचं घर वाडीच्या अगदी खालच्या ओळीत, नाल्याला लागून. ती तिशीची, काटक बाई. तिनं ओसरीवर घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दाराला टेकून उभी राहिली.

“नवरा कधीपासून नाही?”

“दसऱ्यानंतरचा शुक्कुरवार. न्याहारी करून गेलं, ते गेलंच.”

“लोक काय म्हणतात?”

“लोकं कशाला? सुपरवायझर म्हनत्यात, पितळंची चावी चोरून म्हमईला पळाला. मोटारीत बसताना बघितला म्हनत्यात.” तिचा आवाज चढला नाही. हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं की शब्द झिजून गेले होते. “आता मला कोन कामाला बोलवंना. चोराची बायकू.”

“जाताना अंगावर काय होतं?”

“फाटकी बंडी नि पंचा. त्या दिशी टाकीत उतरायचं व्हतं, घान काडायला. चांगला सदरा येकच हाय. त्यो बगा.”

खुंटीला निळसर सदरा टांगलेला होता. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या.

हैबतरावांची नजर तिच्या पायांकडे गेली. बोटांतली जोडवी कोळशासारखी काळी पडली होती.

“ही चांदीची?”

“व्हय. चिंच लावून घासली तरी दोन दिसांत काळी.”

“वरच्या ओळीतल्या बायकांची?”

साळूबाई विचारात पडली. “त्येंची दिवाळीला लखलखीत व्हती. मागल्या साली उलटं व्हतं. त्येंची काळी, माजी बरी.”

नाल्याच्या काठानं शेळ्या घेऊन एक म्हातारा धनगर चालला होता. साळूबाईनं हाक मारली. “धुळामामा, सायेब पानी कवा नासलं इचारत्यात.”

धुळा काठीवर रेलला. “शनवारी. सकाळच्या पारी शेळ्या पोटभर पानी पिल्या. दुपार टळल्यावर पुन्यांदा आनल्या, तर येक तोंड लावंना. पानी काळंशार.”

“शनिवारच? नक्की?”

“शनवारी मी मारुतीला त्याल घालतो, सायेब. सकाळी ह्याच पान्यात हातपाय धुऊन गेलोय.”

हैबतरावांनी वहीत दोनच शब्द लिहिले. ‘शनिवार दुपार.’

टाक्या वाडीपासून चढावर होत्या. गुडघा कुरकुरत होता. वर पोचेपर्यंत ते दोनदा थांबले.

सुपरवायझर वाल्मीक ढमाले सामोरा आला. पस्तिशीचा, खालच्या गावातल्या बऱ्यापैकी शेतकरी घरातला, मॅट्रिक झालेला. त्यानं स्वतः खुर्ची आणली, चहा मागवला.

“लोकांचं काय, साहेब,” तो म्हणाला. “दवाखान्याचं पाणी म्हटलं की त्यांना झोपेतही वास येतो.”

“दोन्ही टाक्या चालू आहेत?”

“हो. रजिस्टर बघा ना.”

दुसऱ्या टाकीचं लोखंडी झाकण कडेनं सिमेंटनं लिंपलेलं होतं. सिमेंट अजून पांढरट दिसत होतं.

“हे कशाला?”

“तक्रारींमुळेच. वास बाहेर पडू नये म्हणून.”

उत्तर पटण्यासारखं होतं. हैबतरावांनी मान डोलावली आणि पुढे गेले. टाक्यांच्या वरच्या अंगाला एक अरुंद खड्डा होता. तळाशी, पुरुषभर खोल, लोखंडी झडप. ती उघडली की मैलापाणी टाक्यांत न जाता सरळ नाल्यात जाई. फक्त अतिवृष्टीसाठी ठेवलेली सोय. आता ती उघडी होती. काळं पाणी फेसाळत खाली चाललं होतं.

“पाऊस संपून महिना झाला. ही उघडी का?”

वाल्मीकनं सुस्कारा टाकला. “काय सांगू! तिची लांब दांड्याची पितळी चावी असते. ती भिकूनं नेली. त्या चावीशिवाय झडप फिरत नाही. दुसरी करायला टाकलीय पुण्यात.”

“पक्कड लावून?”

“नाही हो साहेब. एवढ्या खोल, चौकोनी दांडा. चावीच हवी.”

“भिकूला जाताना तुम्ही पाहिलंत?”

“शुक्रवारी संध्याकाळी. फाट्यावर एस.टी.त चढताना. हाक मारली, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. मीच लावला होता त्याला नोकरीला.” त्यानं खड्ड्याकडे पाठ केली. “लहानपणापासून ओळखत होतो.”

हैबतरावांनी कोठीची खोली बघायला मागितली. भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला होता. टाकीत उतरण्याआधी कंदील सोडून बघावा. माणसाच्या कमरेला दोर बांधावा. वर दोन माणसं असावीत. खाली कोपऱ्यात दोराचं वेटोळं होतं, त्यावरची दुकानाची सुतळी अजून सुटली नव्हती. शेजारी कंदील. त्यांनी काच वर उचलली. वात कापसासारखी पांढरी होती.

“टाकी किती वेळा साफ करता?”

“दर तीन महिन्यांनी,” वाल्मीक म्हणाला. “नियमाप्रमाणे.”

हैबतरावांना एकाएकी फार दमल्यासारखं झालं. चहा तसाच ठेवून ते निघाले.

त्या दुपारी पौडच्या पोलीस ठाण्यात जमादार कोंडाजी पोळेकर विडी ओढत बसले होते. हैबतरावांनी चोरीची नोंद पाहायला मागितली.

“ही बघा,” कोंडाजी म्हणाले. “शुक्रवार, संध्याकाळी साडेसात. वाल्मीक ढमाले स्वतः आला होता. पितळी चावी एक, घेऊन भिकू मारणे फरार. साधी केस आहे.”

“साडेसात,” हैबतराव पुटपुटले. “जमादार, उद्या सकाळी चार माणसं, पहार आणि विहिरीतला गळ घेऊन याल?”

“गळ कशाला?”

“माझं चुकलं तर बरंच आहे. तुम्हाला चहा पाजीन.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला सगळे टाक्यांवर जमले. आरोग्यधामाचे डॉक्टर आले होते. वाडीतली माणसं लांब उभी होती. साळूबाईला बोलावलं नव्हतं, पण ती आली होती.

“ढमाले,” हैबतराव म्हणाले, “आधी ती झडप बंद करा.”

“चावी नाही, साहेब. काल सांगितलं ना.”

“केव्हापासून नाही?”

“शुक्रवारपासून.”

“आणि ती चावी नसली तर झडप उघडतही नाही, बंदही होत नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग शनिवारी ती उघडली कशानं?”

डॉक्टर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागले.

हैबतराव टाकीच्या कठड्यावर बसले.

“शनिवारी सकाळी नाल्याचं पाणी स्वच्छ होतं. धुळाच्या शेळ्या प्यायल्या, तो स्वतः त्यात हातपाय धुऊन देवळात गेला. दुपारनंतर पाणी काळं झालं. म्हणजे झडप शनिवारी दुपारी उघडली. चावी चोरीला गेल्याची नोंद मात्र शुक्रवारी साडेसातची. चोरीला गेलेली चावी दुसऱ्या दिवशी इथं कामाला येत नाही. ती कुठं गेलीच नव्हती.”

“भिकूच परत आला असेल,” कोंडाजी म्हणाले. “रागानं उघडली असेल.”

“मीही तसंच धरून बघितलं. पण चोर परत येऊन टाकीचं झाकण सिमेंटनं लिंपत नाही. आणि सुपरवायझर म्हणतात दोन्ही टाक्या चालू आहेत. ते खोटं आहे. वरच्या ओळीतल्या बायकांची चांदी वर्षभर काळी पडायची, कारण वायू इथून, टाक्यांतून उठत होता. त्या वायूनं चांदी काळवंडते. दसऱ्यानंतर वरच्यांची चांदी उजळली आणि नाल्याकाठच्यांची काळी पडली. टाक्यांत पाणी जातच नाही. सगळा मैला तसाच नाल्यात चाललाय. साळूबाईनं अर्जात लिहिलं तेच खरं. वास खालनं येतोय.”

“पण टाक्या बंद कशाला ठेवायच्या?” डॉक्टरांनी विचारलं.

हैबतरावांनी आवाज उतरवला. साळूबाई ऐकत होती.

“पाणी चालू ठेवलं असतं तर टाकीत जे आहे ते तरंगून बाहेरच्या जाळीला लागलं असतं. हे यांच्या ध्यानात आलं ते शनिवारी. भिकू त्या दिवशी फाटकी बंडी घालून आला, कारण त्याला टाकीत उतरायचं होतं. त्याचा एकुलता एक चांगला सदरा घरी खुंटीला आहे. पंचा नेसून कोणी मुंबईला जात नाही. कोठीतला कंदील एकदाही पेटलेला नाही. दोराची सुतळी सुटलेली नाही. भिकू उतरला तो कंदिलाशिवाय, दोराशिवाय. खाली तो वायू साठलेला असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार असला तर नाक बधिर होतं, वास येईनासाच होतो. माणसाला वाटतं हवा बरी आहे. दोन-तीन श्वासांत खेळ संपतो.”

वाल्मीकनं लिंपलेल्या झाकणाकडे पाहिलं.

“मी हाक मारली. तीनदा मारली. तो शिडीवरून घसरला... मी उतरायला गेलो, साहेब, दोन पायऱ्या उतरलो, डोकं गरगरलं. वर आलो.”

“मग लोकांना का बोलावलं नाही?”

“दोर बांधला नव्हता. कधीच बांधत नव्हतो. वेळ जातो म्हणून.” तो खाली बसला. “सगळे म्हणाले असते मी मारला. हरवला म्हटलं की लोक शोधतात. चोर म्हटलं की इथं कोणी शोधत नाही.”

चावी कुठं ठेवली तेही त्यानं सांगितलं. ती त्याच्या खाटेखालच्या पेटीत होती. कोंडाजींच्या शिपायानं ती आणली. झडपेच्या चौकोनी दांड्यावर ती बरोबर बसली.

सिमेंट फोडायला अर्धा तास लागला. झाकण सरकवल्यावर माणसं तोंडाला पदर, टॉवेल लावून मागे पळाली. हैबतराव तिथंच उभे राहिले. त्यांनी कंदील पेटवून दोरानं आत सोडला. चार हात खाली गेला आणि फुंकर मारावी तसा विझला.

“कोणी उतरायचं नाही,” ते म्हणाले. “झाकण दुपारपर्यंत उघडं राहू दे. मग वरूनच गळ टाका.”

तीन वाजता गळाला पंचा लागला.

साळूबाई रडली नाही, निदान तिथं तरी. माणसांनी भिकूला घोंगडीत गुंडाळलं तेव्हा ती पुढे झाली आणि घोंगडीची एक बाजू तिनं नीट सारखी केली. मग ती वाल्मीकसमोर जाऊन उभी राहिली. कोंडाजींनी त्याच्या दंडाला धरलं होतं.

“बावीस दीस,” ती म्हणाली. “माज्या दारावरनं रोज जात व्हतास. पोरीला म्हनलास, बाप यील दिवाळीला.”

जमादार त्याला घेऊन उताराला लागले.

माणसं पांगली. डॉक्टर हैबतरावांना सांगत होते, की प्रकरण जरा सांभाळून लिहा, आरोग्यधामाचं नाव आहे, आणि मैला तर थांबवता येत नाही, उद्यापासून टाक्या चालू कराव्याच लागतील. दुसऱ्या टाकीत गळ्याइतका गाळ आहे. कोणीतरी उतरून काढायला हवा.

साळूबाईनं ते ऐकलं.

“आता कोन उतरनार?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी हैबतरावांकडे पाहिलं. हैबतरावांनी तीस वर्षांत असे किती नियम लिहिले होते, त्यांचं त्यांनाच माहीत. भिंतीवर चिकटवलेला कागदही त्यांच्याच खात्याचा होता.

“कोणी नाही,” ते म्हणाले. “पुण्याहून पंप येईपर्यंत या टाकीत माणूस उतरणार नाही. डॉक्टर, तसं आत्ता लिहून सही करा. तोवर पहिल्या टाकीवर भागवा.”

“आणि पंप केव्हा येणार? तुमच्या कचेरीचा कारभार मला माहीत आहे.”

“मलाही आहे,” हैबतराव म्हणाले. “म्हणून मी इथंच राहतोय.”

त्यांनी कोठीतून खुर्ची ओढून आणली, उघड्या टाकीपासून दहा पावलांवर ठेवली आणि दुखरा पाय लांब करून बसले.

डॉक्टर थोडा वेळ तिथंच घुटमळले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.