खाली आकडी, वर रेघ

लीड्सच्या लाँड्रेटमध्ये माझे कपडे गरगरत होते आणि मी मशीनच्या काचेत बघत घशातून फटाके फोडत होते. "क्! … त्! … च्!"

मागून हळूच मराठी आलं – "बिचारीची कोणीतरी लय आठवण काढून राहिलं."

मी वळले. ओला रेनकोट, हातात एकच मोजा, आणि डोळे… असो.

"उचकी नाहीये ही," मी मराठीतच म्हणाले. मोजा पडला.

"मग काय आहे?"

"व्यंजन."

तो गंभीर झाला. "औषध चालू आहे ना?"

हा अवधूत. नागपूरचा, इथे बँकेत सॉफ्टवेअरवाला. मी निवेदिता, पुण्याची. पीएचडी करत होते अमेरिकेतल्या नावाहो भाषेच्या उच्चारांवर. त्यात श्वास अडवून अक्षर फोडायचं असतं. शिवाय एक 'ल' असा, की जीभ 'ल'ची, पण आवाज बंद. दोन्ही कडांनी नुसती हवा. त्याने तिथेच करून पाहिला. बाकावरच्या दोन बायका उठून ड्रायरकडे गेल्या.

मग दर रविवारी तो यायला लागला, एकेक शर्ट धुवायला. एकदा तर नवा कोरा, लेबलसकट.

"हा कधी मळला?"

"मळेल ना पुढे. आधीच धुतलेला बरा."

आणि मग मी प्रबंधाची प्रिंट काढली. आपला अनुस्वार डोक्यावर बसतो. नावाहो रोमन लिपीत लिहितात; नाकातला स्वर असला की अक्षराच्या पायाशी आकडी, आणि सूर चढला की डोक्यावर रेघ. दोन्ही एकदम आले की माझ्या कॉम्प्युटरने हात टेकले – पानभर रिकामे चौकोन! ॲरिझोनातल्या ज्या बाईंनी महिनाभर मला आपला आवाज दिला, त्यांना मी शब्द दिला होता – तुमचा एकही सूर गाळणार नाही. सोमवारी प्रबंध द्यायचा होता, आणि शनिवारी सकाळी त्यांच्या सुरांच्या जागी खोकी.

फोनवर मी नुसतीच रडले.

"रडून काऊन राहिली वं? आलोच," अवधूत म्हणाला.

डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर त्याने फॉन्टमध्ये नसलेली अक्षरं स्वतः काढायला घेतली. खिडकीवर पाऊस, खांद्याला खांदा… मधूनमधून.

"आकडी किती वळवू?"

"अजून थोडी. नथ नाही करायची."

"हं. आता म्हणून दाखव."

"चित्र काढायला उच्चार कशाला लागतो?"

"चित्राला नाही लागत," तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला. "मला लागतो."

मी म्हटलं. जरा जास्तच वेळ.

संध्याकाळी प्रिंटर घरघरला. पान आलं. खाली आकडी, वर रेघ… बाईंचा सूर न् सूर जागच्या जागी! मी प्रिंटरला मिठी मारली.

"दुसरा नंबर चालेल मला," मागून आवाज आला.

मी वळले. थँक यू म्हणायला तोंड उघडलं, पण ते दोन शब्द फारच छोटे वाटले.

"अवधूत, तू मला आवडतोस. म्हणजे… खूप."

त्याने प्रिंटरमधलं पान उचललं आणि उलटंच धरून वाचायला लागला.

"बोल की काहीतरी."

"मी… मी तर सगळे शर्ट धुऊन बसलोय केव्हाचा."

"मग उद्या आईला पुण्याला व्हिडिओ कॉल लावते. तू शेजारी बस. मुलगा सापडला हे मी सांगेन. नागपूरचा आहे, हे तू सांग."

त्याने केस नीट केले, कॉलर सारखी केली, आणि प्रिंटरलाच वाकून नमस्कार केला.

"असा चालेल?"

"अजून थोडं वाक," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला.