रिकामी नळी

धनंजय हिशेबी माणूस. कुणापुढे किती हसायचं, याचाही त्याचा दर ठरलेला. सिंदी मेघेहून स्कूटरने यायचा, देवळीपुढच्या बारूद कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळायचा, आणि मॅनेजरच्या मनात असेल तेवढंच धनंजयच्या चाचणीत दिसायचं.

त्या दुपारी बाहेरच्या बाकावर मनकर्णाबाई बसल्या होत्या, वांग्यांची टोपली पायाशी घेऊन. गेल्या महिन्यात कोठार पेटलं, त्यात त्यांचा किशोर गेला. कारखाना म्हणत होता, पोराने आत बिडी पेटवली.

"बिडीच्या वासानंच त्याले ठसका लागे, साहेब. मले दुसरं काही नोको. बारूद खराब होती, एवढं लिहून द्या."

"चाचणीत निघन ते लिहीन, मावशी. माह्या हातात काय हाय?"

हातात सगळं होतं. पेटलेल्या कोठारातल्या खेपेतली थोडी बारूद नमुना म्हणून डबीत उरली होती. ती काचेच्या नळीत घालून तापवायची, वर जांभळ्या कागदाची पट्टी टांगायची. बारूद कुजलेली असेल तर तिच्या वाफेने पट्टी वेळेआधीच गुलाबी पडते. वाफ कोंडू नये म्हणून बुचाला फट ठेवलेली असते.

धनंजयने पट्टी टांगली, बूच लावलं. बारूद तेवढी घातली नाही. रिकामी नळी कुणाच्या विरोधात जाणार?

चहा अर्धा होईतो पट्टी गुलाबी पडली.

नळी घाण असेल, म्हणून त्याने दुसरी घेतली. पट्टी नव्या पुड्यातली. तीही गुलाबी. मग त्याने हीटर बंद केला आणि तिसरी नळी नुसतीच लाकडी स्टँडवर उभी केली. हिची पट्टी तर डोळ्यांदेखत बदलली.

आणि काचेवर, आतून, वाफ धरली. ओसरली. पुन्हा धरली.

धनंजयने कान जवळ नेला नाही. तेवढा तो शहाणा होता.

फोन वाजला. मॅनेजर.

"बारूद ठीक हाय, सर," धनंजय म्हणाला. "पोराचीच चूक."

मनकर्णाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

"बरं, साहेब," एवढंच म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या.

धनंजयने ड्रॉवरमधून बिनफटीचं बूच काढलं. तिसऱ्या नळीत घट्ट दाबलं.

वाफ भराभर येऊ लागली. वर, अगदी बुचाच्या तोंडाशी.

मग थांबून थांबून.

मग काच स्वच्छ झाली.

त्याने नळी उचलली. अंगाइतकी कोमट होती. त्याच्या हातातच ती गार होत गेली.